रंगाचा दुसरा हात

आमच्या घाटकोपरच्या खोलीत एकच टेबल होतं आणि त्याच्या नशिबी आराम नव्हता. सकाळी त्यावर स्टोव्ह, दुपारी इस्त्री, संध्याकाळी माझा अभ्यास. एक पाय आखूड, म्हणून खाली पुठ्ठ्याची घडी. मधोमध इस्त्रीचा तिकोनी डाग. पाहुणे आले की आई चहाचा ट्रे बरोब्बर त्या डागावर ठेवायची.

गिरण्या बंद पडल्या, त्यानंतरच्या एका वर्षी या टेबलाचं भाग्य उजळलं. गावच्या घरचा गणपती आमच्याकडे यायचा होता. गावी बाबांचे थोरले भाऊ, आमचे मोठे काका, एकटेच राहायचे. गुडघे कामातून गेलेले, काकू वारलेली, मूलबाळ नाही. "ह्या वर्सापुरतो हां," असं तीनदा बजावून त्यांनी घरचा पाट पाठवला. आमच्यात मूर्ती त्या पाटावरच घडवतात. पाट जिथे, गणपती तिथे. विसर्जन झालं की काका पाट घेऊन परत जाणार होते.

बाबांच्या मनात वेगळंच होतं. नोकरी गेल्यापासून ते घरात पाहुण्यासारखे वावरायचे. पाट आला त्या दिवशी आईला म्हणाले, "एकदा आपल्याकडे झकास पार पडलं ना, तर दादा पाट इथंच ठेवील. तोंडाने मी मागणार नाही." मग टेबलाकडे बघून म्हणाले, "पण देव काय ह्याच्यावर बसवायचा?"

मी अकरावीत होते. शिंगं फुटलेली. म्हटलं, "माझ्यावर सोडा."

आईला चॉकलेटी रंग हवा होता, मळ दिसत नाही म्हणून. मी पिस्ता आणला.

"अगं, देवाचं टेबल आहे की कुल्फीचं दुकान?"

"चॉकलेटी सगळ्यांकडे असतो!"

चांगला दोन दिवस पॉलिशपेपर घासला आणि पहिला हात दिला. छान बसला, पण इस्त्रीचा डाग मेला खालून डोकावत होता. म्हणून चतुर्थीच्या आदल्या दुपारी दुसरा हात दिला, भरपूर जाड. पातळ द्या आणि दोन दिवस थांबा, असं दुकानदार म्हणाला होता. त्याला काय कळतंय! भाद्रपदात आमच्याकडे रुमाल वाळत नाही, तिथे ऑइलपेंट कुठचा वाळायला?

सकाळी बोट फिरवलं, कोरडा. जरा दाबलं, तर अंगठा आत रुतला. मी तो ठसा कसाबसा सारखा केला आणि तोंडाला कुलूप लावलं. आई टेबलावर घालायला कापड घेऊन आली. कापडाखाली माझा रंग दिसणार कसा? मी असा काही थयथयाट केला की आईने हात टेकले.

आदल्या रात्री गावाहून आलेले मोठे काका सोवळं नेसून आले. टेबल खालीवर न्याहाळून म्हणाले, "ह्या काय गो? टेबल आसा काय बर्फी?" मग वाकून त्यांनी पायाखालची पुठ्ठ्याची घडी नीट केली. गुडघे असे, की टेबलाचा आधार घेऊन उठावं लागलं.

"रंग सुकलो मां?"

"कधीच!" मी म्हटलं.

माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "बरा. ठेवा." बाबांनी मूर्ती पाटासकट टेबलावर ठेवली.

दीड दिवस काकांनी प्रत्येक गोष्टीत खोट काढली. मोदकाच्या कळ्या कमी, आरतीला घाई, दूर्वा कोमेजलेल्या. दर वेळी बाबांचं तोंड एवढंसं व्हायचं. मला काकांचा असा राग आला म्हणून सांगू!

दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा बाबांनी केली. शेवटी मूर्ती जागेवरून किंचित हलवायची असते, म्हणजे निरोप झाला. बाबांनी पाटाला हात लावला. पाट हलेना. जोर लावला, तर अख्खं टेबलच सरकलं.

शेजारच्या काकूंनी डोळ्यांना पदर लावला. "बाप्पाला जायचंच नाहीये हो!"

सगळी चाळ हात जोडून उभी राहिली. बाप्पाला जायचं होतं हो, रंग सोडत नव्हता! बाबा पांढरेफटक पडले. कुणीतरी सुरी आणली तसे काका कडाडले, "मूर्तीक तडो जायत! टेबलासकट उचला!"

अशी आमची मिरवणूक निघाली. गॅलरीच्या वळणावर टेबलाचे पाय कठड्यात अडकले. जिन्यावरून चौघे टेबलाखाली वाकून उतरले. रस्त्यात लोक विचारत होते, "नवस होता का?" तळ्यावर टेबल तसंच पाण्यात उभं केलं. शाडूची मूर्ती विरघळेपर्यंत बाबा कमरेइतक्या पाण्यात ते धरून उभे होते. घरी परत आलं ते टेबल आणि त्याला घट्ट चिकटलेला पाट.

मी रडत रडत कबूल केलं, "रंग ओला होता. मी खोटं बोलले." बाबा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते उलथनं घेऊन पाट सोडवायला बसले. "दादाचा आहे, परत द्यायला हवा."

काकांनी उलथनं काढून घेतलं. "मोडात तो. आणि असो गावाक कसो न्हेवचो? टेबल घेवन यष्टीत बसू? ऱ्हवांदे हयच. फुडल्या वर्सा मीच येतलंय."

बाबा तिथेच, फरशीवर बसून, लहान मुलासारखे रडले.

दुसऱ्या दिवशी, शिक्षा म्हणून, काकांचं सोवळं धुवायचं काम माझ्याकडे आलं. ते त्यांनी फक्त प्रतिष्ठापनेला नेसलं होतं; त्यानंतर त्यांचा टेबलाला हात लागला तो थेट विसर्जनाला, आणि तेव्हा अंगावर साधं धोतर होतं. सोवळ्याच्या आतल्या कडेला पिस्ता रंगाची तीन बोटं पुसलेली होती. मी ते तसंच घेऊन त्यांच्यासमोर गेले.

"काका, म्हणजे ठेवायच्या आधीच तुम्हाला माहीत होतं?"

बाबा बाहेर गॅलरीत कुणाला तरी पुढच्या वर्षीचं आमंत्रण देत होते. काकांनी एकदा तिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "रॉकेल लाव, जातला. आणि गप ऱ्हव."