डोळे मिटा

विसाव्या वर्षी मी मूर्ख होते, आणि मूर्खपणा खादीच्या पांढऱ्या साडीत फार शोभून दिसायचा. आठ दिवसांच्या एका शिबिरात मी शांत बसायला शिकून आले होते. डोळे मिटायचे, श्वास कसा आत येतो, कसा बाहेर जातो ते पाहायचं, की मन स्वच्छ होतं. माझं झालं की नाही ते कोणी विचारलं नाही, म्हणून मी इतरांची मनं स्वच्छ करायला निघाले. अमरावतीच्या एका अनाथ मुलींच्या आश्रमात दर शनिवारी फुकट शिकवायला जाऊ लागले. सासूबाईंच्या देवघरातली घंटी पिशवीत घालून न्यायची. देव तेवढा वेळ घंटीवाचून राहत.

घंटी वाजली की वीस मुली डोळे मिटत. त्यातल्या बारा चोरून पाहत, दोघी डुलक्या घेत, आणि एक नेमाने पादायची. एकच मुलगी डोळे अजिबात मिटत नसे. सहा-सात वर्षांची असेल. बडनेरा स्टेशनावर एकटी सापडली होती. चार महिने झाले, तोंडातून शब्द नव्हता.

आश्रमाचे चिटणीस पेशाने वकील. ते म्हणाले, "वहिनी, उन्हाळ्याची सुटी लागेपर्यंत बोलली तर ठीक. नाहीतर अकोल्याला मुक्या-बहिऱ्या मुलांच्या शाळेत पाठवू. तिथं सोय आहे."

तिला ऐकू येत होतं. मागे ताट पडलं की ती दचकायची. मग मुक्यांत नेऊन ठेवली तर हिचं बोलणं कायमचं बुडालं, हे मला कळत होतं. मी म्हणाले, "मी बोलती करते." काय तो रुबाब.

तिच्यासाठी मी रोज दुपारी जाऊ लागले. समोर बसवायची, गोड आवाजात सांगायची, डोळे मीट. ती माझ्याकडे टक लावून पाहायची. दिवस सरत होते, चिटणीस भेटले की भुवया उंचावत. शेवटी एका दुपारी मी तिच्या मागे बसले आणि माझे दोन्ही तळवे हलकेच तिच्या डोळ्यांवर ठेवले. तिचं अंग लाकडासारखं झालं. मग चटई ओली झाली. मग ती मला चावली.

कचेरीत जाऊन मी चिटणिसांसाठी ठेवलेल्या वहीत सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'आज प्रथमच भावना व्यक्त केली. बोलणे नाही.' अशा त्या वहीत रोजच्या नोंदी होत्या, आणि प्रत्येकीच्या शेवटी ते दोन शब्द.

मग चावलेला तळवा धुवायला मी आश्रमाच्या मागच्या मोरीवर गेले. तिथं भांडी घासणाऱ्या मावशींनी दारातून सगळं पाहिलं होतं. नागपूरला जाऊन बौद्ध होऊन आलेलं त्यांचं कुटुंब. त्यांनी हातातली राख झटकली.

"कावून दाबता तिचे डोये?"

"मन शांत व्हावं म्हणून, मावशी."

"आमी बी बसतो ना वंदनेले डोये मिटून. पन लेकरायचे डोये दाबत नाई." पुढचं ताट ओढून घेत त्या म्हणाल्या, "तिच्या मायनं ठेसनावर सांगतलं व्हतं, डोये मीट, मी आलीच. यिनं उघडले तं माय नाई."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तिनंच. रोज येते ना मायासंग भांडे घासाले. हे घासलं, हे राह्यलं, बोलते ना चांगली."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तुमी इचारलं कुठी? तुमी तं घंटी वाजवून राहिल्या."

मी तशीच चिटणिसांकडे धावले. त्यांनी शांतपणे माझीच वही उघडून पुढे केली. "अक्षर तुमचं आहे ना? यावरूनच मी अकोल्याला पत्र लिहिलं. आता भांडेवालीच्या सांगण्यावर काय लिहू?" मुलीला बोलावलं. ती त्यांच्या काळ्या कोटाकडे पाहत उभी राहिली. एक अक्षर नाही. "पाहिलंत?" ते म्हणाले. मी रडले, हात जोडले, वही फाडू द्या म्हणाले. त्यांनी वही कपाटात ठेवली. पोचवायचं कामही माझ्याकडेच दिलं.

अमरावतीहून अकोल्याला जायचं म्हणजे बडनेऱ्याला गाडी बदलायची. हे मला पाठ होतं, पण आम्ही फलाटावर उतरेपर्यंत त्याचा अर्थ माझ्या डोक्यात शिरला नव्हता. तिला पाहताच कळलं. ती बाकाच्या कोपऱ्यात आक्रसून बसली. ओठ पांढरे पडले. आता हिला पाणी पाजावं म्हणून मी तांब्या घेऊन उठले आणि या तोंडाने म्हणाले, "बस इथं, मी आलेच."

शब्द बाहेर पडले, मग ऐकू आले. परत घेता येत नव्हते.

माझा पदर खांद्यावरून ओढला गेला. दोन्ही मुठींत धरून ती म्हणाली, "मीबी येतो."

आवाज घोगरा होता. पुन्हा म्हणाली. मग म्हणतच राहिली, नळापर्यंत, नळापासून बाकापर्यंत. अकोल्याची गाडी आली, उभी राहिली, गेली. मी तिकिटं मुठीत चुरगाळून बसले होते. परतीच्या गाडीला तीन तास होते, आणि चिटणिसांसमोर ही पुन्हा गप्प राहणार, हे मला पक्कं ठाऊक होतं.

झालंही तसंच. मी सांगितलं, गाडी चुकली. त्यानंतर आणखी तीनदा आमची अकोल्याची गाडी चुकली. इतकी वेंधळी बाई वऱ्हाडात दुसरी नाही, असं चिटणीस सगळीकडे सांगत, आणि मी मान खाली घालून ऐकत असे. शेवटी अकोल्याच्या शाळेतली जागा भरून गेली, आणि ती आश्रमातच राहिली.

पण त्या दिवशी बाकावर मला यातलं काहीच माहीत नव्हतं. सगळं माझ्याच हातानं घालवलं, एवढंच कळत होतं. उन्हानं आणि रडण्यानं थकून माझे डोळे मिटले. लगेच एक लहानसं बोट पापणीवर आलं. त्याला भांड्यांच्या राखेचा वास होता. तिनं माझी पापणी वर उचलली, आत वाकून पाहिलं, आणि मी तिथंच आहे याची खात्री करून घेतली.