पिशवीतली पाच कणसं

भास्करराव गेल्याचा फोन आला तेव्हा मी परतवाड्याच्या बसस्टँडवर होतो. मनात पहिला शब्द आला तो ‘सुटलो’. दुःख नंतर आलं, तेही खरंच होतं... पण आधी सुटलो.

अकोल्याच्या संशोधन प्रक्षेत्रावर मी त्यांचा साहाय्यक. इथेनॉलसाठी चालेल अशी रसाळ धांड्याची, म्हणजे ताटाची, गोड ज्वारी त्यांना काढायची होती. उसाला पाणी पाजायची आपल्या वऱ्हाडाची ऐपत नाही, हे त्यांचं पालुपद. गोडी मोजायचं यंत्र खिशात, पण विश्वास जिभेवर. धांडे सोलून सोलून ओठ कायम चिरलेले. बारा वर्षांनी त्यांना उंच, गोड आणि वाऱ्यात न लोळणारी पाच झाडं सापडली. बी शुद्ध राहावं म्हणून सुमनबाईंनी, आमच्या जुन्या रोजंदार बाईंनी, त्या कणसांवर कागदी पिशव्या बांधल्या.

तेव्हाच कारखान्याचे पाहुणे आले. पाहुण्यांना हुरडा न खिलवता धाडणं म्हणजे आमचं नाक कापणंच. भास्कररावांनी मला वावरात पिटाळलं. उघडी कणसं पाखरांनी फस्त केलेली, दाणा उरला होता तो पिशव्यांतच. मी पाचही खुडली. घाई होती असं मी पुढे स्वतःला सांगत आलो. घाई कसली! पलीकडच्या वावरापर्यंत जायचा कंटाळा.

भाजलेला पहिला घास भास्कररावांनीच तोंडात टाकला. “काय गोड हाय बे! कुठून आणला?”

“पलीकडून,” मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी ते रिकाम्या देठांसमोर बराच वेळ उभे राहिले, मग बांधावर बसून ओकले. खोडवा राखला, म्हणजे बुडखे पुन्हा फुटू दिले, फुटवे आले, तेही खोडमाशीने खाल्ले. वाण संपला.

सुमनबाईंना बोलावलं. “साहेब, पिशव्या म्या बांधल्या, मीच कावून सोडीन?” भास्कररावांनी माझ्याकडे पाहिलं. मी पाखरं हाकलायला वळलो. “उद्यापासून येऊ नका, बाई,” ते म्हणाले.

तशी ज्वारी त्यांना पुन्हा मिळाली नाही. मला मात्र बढती मिळाली, त्यांच्याच शिफारशीने. फार मोठ्या मनाचा माणूस, असं मी सगळ्यांना सांगत असे.

परवा अमरावतीला काकूंना, भास्कररावांच्या पत्नीला, भेटायला गेलो. त्यांनी भास्कररावांच्या खोलीतून प्रयोगाची जुनी वही आणून माझ्यासमोर उघडली. पाच झाडांपुढे बारीक अक्षरात शेरा होता: ‘हुरड्यासाठी प्रकाशने तोडली.’ खाली त्याच शाईत: ‘सुमनबाईंना कामावरून कमी केले.’ तारीख एकच. माझं नाव घेतलं असतं तर चौकशी लागली असती, माझी आणि त्यांचीही. रोजंदार बाईंची चौकशी लागत नाही.

“वही तुलेच द्याची म्हणत होते ते,” काकू म्हणाल्या. “सुमनबाई नांदगाव खंडेश्वरले लेकीकडं असते. तिले नेऊन दाखव.”

“काका गेले होते काय कधी तिच्याकडं?”

“नाई. त्यायची हिंमत नाई झाली. म्हणूनच तं तुले धाडून राहिले.”