चौकीतल्या कुरडया

ओतूरहून डिंगोऱ्याकडे जाताना आमचं गाव लागतं. गावाच्या टोकाला, उसाला लागून, पोलीस चौकी आहे. एक खोली, मागे गजांची कोठडी, पुढे मोठा ओटा. चौकीत कित्येक वर्षं पोलीस नव्हता, म्हणून ग्रामपंचायतीने किल्ली आमच्या बचत गटाला दिली. कुरडया करायला यापेक्षा चांगली जागा आजूबाजूला नाही. ओट्यावर दिवसभर ऊन असतं, आणि वाळलेला माल कोठडीत ठेवला की माकडांचा हात पोचत नाही, पाहुण्यांचाही नाही. मी गटाची सचिव. कुणी काय करायचं याची यादी रोज भिंतीवर लावायची हे माझं काम. फरारी आरोपींच्या फोटोंसाठी ठोकलेला खिळा तिथे आयताच होता.

त्या मार्चमध्ये गावावर सगळंच एकदम आलं. विहिरींवरच्या मोटारींच्या केबली चोरीला जायला लागल्या. बिबट्याने दोन वासरं नेली. विहिरीचा तळ दिसायला लागला. अशातच गावातल्या एका लग्नाला आमदार आले. आमच्याकडे आमदार लग्नात आशीर्वादाचं भाषण करतात आणि लोक अक्षता आणि जेवण यांच्या मधल्या वेळात त्यांना निवेदन देतात. मीही दिलं. त्यात मुद्देसूद लिहिलं होतं: चौकी सुरू करून कायमचा पोलीस द्यावा, बिबट्याला पिंजरा लावावा, टँकर द्यावा. आमदारांनी ते घडी घालून खिशात टाकलं. त्या खिशात आधीच बऱ्याच घड्या होत्या, म्हणून मी फारशी आशा धरली नाही.

शिवाय माझं डोकं दुसरीकडे होतं. मंचरच्या एका दुकानदाराने गटाला आजवरची सगळ्यात मोठी ऑर्डर दिली होती. माल वेळेवर आणि न मोडता पोचला, तर वर्षभर आमच्याकडूनच घेणार होता. नाहीतर त्याच्याकडे दुसरा गट तयार होता. पाणी कमी, म्हणून प्रत्येकीने घरून एक हंडा आणायचा असं ठरवलं आणि गहू भिजत घातले.

चीक शिजवून आम्ही ओट्यावर कुरडया घालत होतो, तेव्हा एकीच्या मोबाइलवर व्हिडिओ आला. विधानसभा. आमचे आमदार उभे, आणि तोंडात आमच्या गावाचं नाव. चौकी बंद आहे हे खरे आहे काय, असल्यास शासनाने कोणती कार्यवाही केली, नसल्यास विलंबाची कारणे काय. मंत्री म्हणाले, हे अंशतः खरे आहे. चौकी तातडीने सुरू करण्याचे आदेश दिले आहेत, टँकरचेही दिले आहेत. आम्ही चिकाच्या हातांनी टाळ्या वाजवल्या. पेढे आणायला कुणी जायचं यावर चर्चा सुरू झाली.

आमच्यातल्या सगळ्यात थोरल्या काकूंनी मात्र हातातला सोऱ्या खाली ठेवला नव्हता.

"कुठली चौकी म्हणं?" त्यांनी विचारलं.

"आपलीच की, काकू."

"ही?"

"हीच."

"मंग आपुन कुठं बसायचं?"

पेढ्यांचा विषय तिथेच थांबला. आम्ही सगळ्या ओट्याकडे पाहत राहिलो. निवेदनावर झाडून सगळ्यांच्या सह्या होत्या आणि त्या याच ओट्यावर बसून केल्या होत्या.

मी लगेच दुसऱ्या जागा शोधल्या. देवळात सप्ताह होता. शाळेत परीक्षा. माझ्या गच्चीवर माकडं. आणि चीक कुणासाठी थांबत नाही, एक दिवस चुकला की आंबतो. मी सरपंचांना विचारलं, चौकी जरा पुढच्या महिन्यात सुरू करा असं कळवता येईल का. ते म्हणाले, विधानसभेत बोललेलं माघारी घ्यायला ते काय साखरपुड्याचं बोलणं आहे का.

दोन दिवसांनी सकाळीच पोलिसांची जीप आली आणि तिच्यामागे टँकर. चौकी सुरू झाल्याचा आणि टँकरचा, असे दोन्ही फोटो वर पाठवायचे होते. टँकर विहिरीत रिकामा व्हायला लागला तसा अर्धा गट हंडे घेऊन तिकडे पळाला. जीपमधले साहेब नव्या हवालदाराला घेऊन उतरले आणि ओट्यापाशी थांबले, कारण पाय ठेवायला जागाच नव्हती. हे काय आहे, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, गव्हाच्या आहेत. त्यांना टेबलाशी बसलेल्या पोलिसाचा फोटो हवा होता, पण टेबलावर पापडाचं मशीन होतं. ते हलवलं तरी साहेब जिथून फोटो काढत तिथून एखादी कुरडई आत यायचीच. शेवटी इतक्या जवळून काढला की त्यात नुसता हवालदाराचा चेहरा आला. संध्याकाळपर्यंत जागा रिकामी करा असं सांगून साहेब गेले.

मागे राहिला तो हवालदार. आंबेगाव तालुक्यातला, अवसरी बुद्रुकचा, चांगला दांडगा गडी. आम्ही ऑर्डरचं रडगाणं गात पातेली आवरायला लागलो. त्याचं लक्ष सगळं उसाकडे.

"ताई, हितं वाघ येतो म्हणत्यात. खरं का?"

"येतो की," काकू म्हणाल्या. "ह्याच वट्यावरनं जातो."

तो सरकून आमच्या पातेल्यांच्या मधोमध येऊन उभा राहिला. मग म्हणाला, "तुमी कशाला घाई करताय? ऑर्डर हुंद्या की पुरी."

मी म्हटलं, साहेब संध्याकाळपर्यंत म्हणाले.

"कुठल्या दिवसाची संध्याकाळ, ते कुठं बोलले?"

पातेली परत खाली ठेवली. काकूंनी त्याच्या दंडांकडे पाहिलं आणि सोऱ्या त्याच्या हातात दिला. त्याची पहिली कुरडई चोरीच्या केबलीच्या गुंडाळ्यासारखी झाली. पुढच्या बऱ्या होत गेल्या. मी भिंतीवरच्या यादीत त्याच्यासाठी एक ओळ वाढवली. त्या आठवड्यात एकही केबल गेली नाही. चोर पोलिसाला भ्याले की काकूंना, ते मला सांगता येणार नाही.

माल न्यायचा दिवस उजाडला. खोकी बांधून ओट्यावर मांडली. मंचरहून टेम्पो आला, चौकीसमोर हळू झाला आणि एकदम जोरात पुढे निघून गेला. थोड्या वेळाने उलट दिशेने आला आणि तसाच गेला. मग ड्रायव्हरचा फोन.

"ताई, पत्ता चुकलाय. हितं पोलीस हाय."

मी सांगितलं, पत्ता तोच आहे. तो म्हणाला, मग मी रिकामाच जातो, शेठला सांगतो माल तयार न्हाई. तसं झालं असतं तर वर्षभराचं काम दुसऱ्या गटाकडे गेलं असतं. मी त्याला हातापाया पडून पुढच्या वळणावर थांबवलं.

हवालदाराने हे ऐकलं. टोपी काढून काकूंकडे दिली, सगळ्यात मोठं खोकं डोक्यावर घेतलं आणि चालायला लागला. मागे मी, माझ्यामागे सगळा गट, प्रत्येकीच्या डोक्यावर खोकं. ड्रायव्हरला समोरून वर्दी आणि मोर्चा एकदमच दिसला. तो खाली उतरून हात जोडून उभा राहिला.

"साहेब, लायसन घरी ऱ्हायलंय. पीयूसी संपलीय. विम्याचं शेठला विचारा."

हवालदाराने खोकं त्याच्या हातांवर ठेवलं.

"दमानं धर. मंचरपत्तुर एक जरी मोडली, तर मंग लायसन बघतो."

दुसऱ्या दिवशी शेठचा फोन आला. एकही मोडली नव्हती, पुढच्या महिन्याचा माल त्यांनी तिथेच सांगितला. फक्त इथून मंचरला पोचायला टेम्पोला आख्खा दिवस कसा लागला, ते त्यांना समजत नव्हतं.