कागदावरची दोन वर्षं

आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांचा जन्म एक जूनचा. गुरुजींनी तारीख विचारायची, आयांनी "पोळ्याच्या आदी कवातरी" असं सांगायचं आणि गुरुजींनी एक जून लिहून मोकळं व्हायचं. माझं तर सालही खोटं आहे. मी चार वर्षांची होते. आईला ऊसतोडीला जायचं होतं आणि मला उसाच्या फडावर न्यायचं नव्हतं. पोरगी शाळेत गेली तर गावात मामीकडं राहील, दुपारची खिचडी खाईल, एवढंच तिच्या डोक्यात. "सहा पुरी झाली," ती म्हणली. गुरुजींनी माझ्याकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं आणि लिहिलं.

धाकटी माझ्याहून दोन वर्षांनी लहान. ती दवाखान्यात जन्मली, तिचा दाखला होता, म्हणून तिचं वय खरं लागलं. आईला त्याचा कोण अभिमान.

मी नववीत असताना आई गेली. बाप आधीही मारायचा, पण मध्ये आई असायची. आता हाताला येईल त्यानं मारायचा आणि सकाळी काही आठवत नाही म्हणायचा. मला त्या न आठवण्याचाच जास्त संताप यायचा.

बारावीचा निकाल लागला त्या जूनमध्ये मी कागदावर अठराची झाले, खरी सोळाची. बापानं लगेच सोयरीक जुळवली. पोरगा तोडीला जाणारा. आमच्याकडं नवरा-बायकोच्या जोडीला कोयता म्हणतात. तोडीला मजूर नेणाऱ्या मुकादमाला एकटा माणूस नको असतो, कोयता लागतो. मी मैत्रिणीच्या मोबाईलवरून हेल्पलाइनला फोन केला. एक बाई आणि एक साहेब आले. त्यांनी शाळेचा दाखला पाहिला आणि हात वर केले.

"पोरगी सज्ञान आहे," साहेब म्हणाले.

बाप हसला. जाता जाता बाई मात्र हळूच म्हणाली, "सज्ञान आहेस तर तुला घर सोडून कुठंबी राहता येतं. बाप अडवू शकत न्हाई."

हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. आईचं खोटं माझं लग्न लावणार होतं, तेच मला सोडवणारही होतं.

चौथ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी धाकटीला घेऊन तालुक्याला गेले आणि पोलीस ठाण्यात जबाब दिला: मी सज्ञान आहे, स्वखुशीनं घर सोडते आहे. शहाणपणा करून दोघींचेही दाखले टेबलावर ठेवले. आपण किती तयारीनं आलोय हे दाखवायचं होतं मला. तोवर बाप मुकादमाच्या जीपमधून पोहोचला होता.

हवालदारानं माझा दाखला वाचला. "ही जाऊ शकते." मग दुसरा वाचला. "ही चौदाची. हिचा ताबा बापाकडं."

"साहेब, तो मारतो तिला. मला द्या, मी बहीण हाय तिची."

त्यानं धाकटीला विचारलं, "बापाची भीती वाटती का गं?"

बाप तिच्या शेजारीच उभा होता. ती न्हाई म्हणली. तेवढंच लिहिलं गेलं.

तेव्हा मला एक वाक्य बोलता आलं असतं. साहेब, हा दाखला खोटा आहे, मी सोळाचीच आहे. मग दोघींना बालकल्याण समितीपुढं उभं केलं असतं, कदाचित बालगृहात एकत्र ठेवलं असतं. कदाचित दोघींनाही त्याच जीपमध्ये बसवलं असतं. मला फक्त जीप दिसत होती. मी तोंड उघडलं नाही. भित्री होते मी, दुसरं काही नाही. पायरीवर धाकटीनं विचारलं, "ताई, माझीबी दोन वर्षं वाढवून मिळतील का?"

मी बीडला आले, एका दवाखान्यात झाडलोटीला लागले, मुलींच्या वसतिगृहात राहिले, पुढं नर्सिंग केलं. माझ्यासाठी ठरलेला नवरा वाया गेला नाही. दिवाळीनंतर धाकटी त्याच्यासोबत तोडीला गेली. तिचं लग्न कुणी अडवलं नाही, कारण फोन करणारी मी होते आणि तेव्हा मी वसतिगृहातून बाहेर पडायलाही घाबरत होते. बाप शोधत येईल म्हणून. तो कधीच आला नाही. त्याला गरज नव्हती.

एक जूनला अजून लोक मला मोबाईलवर शुभेच्छा पाठवतात. मी आभार लिहिते. यंदा त्या दिवशी धाकटीचा फोन आला. शुभेच्छा द्यायला नाही, तिला माझा खरा वाढदिवस कधी असतो ते माहीत आहे.

"ताई, पोरीचं नाव शाळेत घालायचंय. चारची हाय. सहाची लिहा म्हणलं तर लिहितेल का?"

मी सांगितलं, आता आधार लागतं, जन्माचा दाखला लागतो, तसं होत नाही.

पाठीमागं पोरगी भाकरीसाठी रडत होती.

"तू बघ ना विचारून," ती म्हणली. "तुझं झालं होतं ना."