तात्यांची पुळण

"कोणी नेली? बोल! माझी पुळण कोणी नेली?"

तात्या चाखे पोस्टमनच्या छातीवर छत्रीचं टोक रोवून ओरडत होते. आवाज असा, की रेवसच्या धक्क्याला लागत आलेली लाँच तशीच उलटी मुंबईकडे वळावी. पोस्टमन म्हणाला, "तात्या, सायकलवरून मी वाळू कशी नेईन हो?"

"म्हणजे ती नेली गेली, हे तुला ठाऊक आहे तर!" तात्या म्हणाले.

तात्यांचं खरं आडनाव वेगळंच होतं. चाखे हे गावानं दिलेलं. त्यांचा स्वतःच्या डोळ्यांवरसुद्धा विश्वास नसे. विश्वास काय तो जिभेवर. दूध सगळेच चाखतात. तात्या वाण्याचं वजन चाखत, नव्या नाण्याला जीभ लावत. स्वातंत्र्य मिळालं त्या सकाळी शाळेत वाटलेली साखर तोंडात घोळवून ते म्हणाले होते, "कालचीच आहे."

त्यांची नारळी-पोफळीची वाडी अगदी समुद्रालगत. मध्ये आडवी होती ती पुळण, म्हणजे वाळूचा उंच बांध, वर केवड्याचं बन. त्यावर चढलं की मुंबईतल्या गिरणीचा धूर दिसे, आणि वारा बरा असेल तर कुठल्या गिरणीचा तेही कळे. ही पुळण होती म्हणून समुद्र बाहेर होता. ती गेली की विहीर मचूळ होणार आणि विहिरीमागोमाग पोफळी जाणार, हे गावातलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. आणि पुळण तर साबणाच्या वडीसारखी झिजत चालली होती.

तो काळच तसा होता. मुंबईला भूकच तेवढी लागली होती. आधी तिनं आमची माणसं नेली, मग भात नेला, आता वाळूवर आली होती. शिडाचे पडाव रिकामे येत, बुडायला टेकेपर्यंत भरून जात, आणि पलीकडे उपनगरात अळंबीसारख्या इमारती उगवत. इकडे कूळकायदा आला होता. तात्यांचं भाताचं शेत कसणारा पांडू आता मालक होऊ घातला होता, म्हणून तात्या अलिबागच्या कचेरीत तारखांना जात. गंमत अशी, की ते तारखेला गेले की त्याच दिवशी पुळण बारीक व्हायची.

"कट आहे!" तात्या म्हणत. "मला तिकडे बोलावतात, इकडे वाळू उपसतात. सरकार आणि पांडू एकाच ताटात जेवतात."

पांडू म्हणाला, "तात्या, मला वाळू काय करायची हाय? भात वाळूत रुजतंय व्हय?"

"रुजत नाही, म्हणूनच विकतोस!"

मग ज्याच्या त्याच्याकडून हरिहरेश्वराची शपथ घेणं सुरू झालं. मी शाळामास्तर, शेजारी. पण मलाही सोडलं नाही. माझ्या वहाणेतली वाळू चाखून त्यांनी "आमचीच" असा निकाल दिला. शपथ घेऊन घसा सुकलेल्या प्रत्येकाला तात्यांच्या घरच्या काकू ओटीवर गूळपाणी देत आणि हळूच म्हणत, "मनावर घेऊ नका हो."

अशातच त्यांच्या मुलाला, वसंताला, मुंबईत नव्या इमारतीत खोली मिळाली. त्या काळी बायको मिळे, खोली मिळत नसे. "आणि पागडी न देता?" तात्यांची भुवई जी वर गेली ती उतरलीच नाही. संसार मांडून द्यायला काकू पुढे गेल्या. पुढच्याच तारखेला तात्या शेत हरले, आणि माझ्यावर नजर ठेवायला बरं म्हणून मलाच सोबत घेऊन खोली बघायला लाँचमध्ये बसले. सबंध खाडीभर लाँच हाकणाऱ्या सारंगाकडे असे बघत होते, जणू तो आम्हाला अरबस्तानात नेऊन विकणार होता.

खोली नवीकोरी, पण भिंतींना घाम सुटला होता. तात्या वहाणा न काढताच सरळ भिंतीकडे गेले. इकडे तिकडे पाहिलं आणि जीभ लावली. खारट! मग नखानं गिलावा खरवडला. आतून शिंपल्याचा तुकडा निघाला. तो त्यांनी असा उचलून धरला, जणू हरवलेल्या मुलाचा दात सापडला होता.

"माझी पुळण!" इमारतीच्या तिन्ही मजल्यांवरची दारं उघडली. "मास्तर, ही माझी पुळण आहे! इथे उभी करून ठेवलीय चोरांनी! वसंता, कंत्राटदाराला बोलाव. कोणी विकली त्याला?"

वसंता चुन्यासारखा पांढरा पडला.

"मी दिली," स्टोव्हमागून काकू म्हणाल्या. "वाळूच्या बदल्यात खोली, असं ठरलं. तुम्ही तारखेला गेलात की पडाव बोलवायची."

तात्या मटकन ट्रंकेवर बसले. त्यांनी गावभर सगळ्यांकडून शपथा घेतल्या होत्या, फक्त स्वयंपाकघरात गेले नव्हते. शिंपला मुठीत तसाच होता. मी त्यांना इतक्या हळू आवाजात बोलताना आधी कधी ऐकलं नव्हतं.

"अगं, पण मग वाडीचं काय?"

काकूंनी ताट मांडलं.

"वाडीत आपल्यामागे राहायला कोण होतं? हात धुवून या. भात निवतोय."