ढोलीतली सगुणा

"काढा तिले बांधीतून. गरमीचा पाय हाय तो."

मालगुजारीणबाई शेताच्या धुऱ्यावरून बोलली. बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, रोवणी चालली होती. मी चौदा वर्षांची. गरमी म्हणजे वाईट चालीच्या बाईचा रोग, एवढं मला कळत होतं. शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. तळवे टेकत नव्हते, म्हणून पाय तिरपे टाकत चिखलातून निघाले. बाया खेकडी म्हणून हसल्या. मालगुजारी, म्हणजे गावची जमीनदारी, कायद्यानं गेली होती, माज कुठे गेला होता?

लहानपणी माझ्या अंगावर ओले फोड आले होते. आईनं मोरचूद लावला, फोड सुकले. आम्हाला वाटलं, रोग गेला. तो हाडात उतरला होता. नडगी पुढून कोयत्यासारखी वाकली. तळव्यांचं कातडं जाड होऊन त्याला भेगा पडल्या.

धान कापून झाल्यावर सावली गावच्या दवाखान्यातून सुया टोचणारे सुईवाले आले. शाळेपुढे रांग लागली. माझी धाकटी बहीण सगुणा सहा वर्षांची, तिच्या तोंडाभोवती तसेच ओले फोड. आईनं तिला धान साठवायच्या बांबूच्या ढोलीत लपवलं. आम्हा मासे धरणाऱ्या, बिनजमिनीच्या ढिवरांची ढोली रिकामीच होती.

"गरमीवाल्या घरची पोर म्हणतीन," आई म्हणाली. "कोण करन तिच्यासंगं लगन?"

मी एकटीच गेले. सुईवाल्यांच्या कंपाउंडरनं नडगी चाचपली. मी सगळ्यांदेखत विचारलं, ही गरमी हाय काय? तो म्हणाला, गरमी नाही, महारोगही नाही. हा यॉज नावाचा रोग. एका पोराच्या फोडातून दुसऱ्याच्या खरचटलेल्या जागी लागतो. तळवे कोमट पाण्यात भिजवून खरवड, तेल लाव, पाय टेकेल. वाकलेलं हाड मात्र सरळ होणार नाही. फोड असो नसो, घरातल्या सगळ्यांना सुई पाहिजे.

रांगेत पुढेच मालगुजारीणबाई नातवाला घेऊन उभी होती. त्याच्या कोपरावर तसाच फोड. त्याला म्हणे किडा चावला होता. माझ्या अंगाची आग आग झाली.

घरी जाऊन मी सगुणाला ढोलीतून ओढून काढलं. आईनं माझा हात धरला.

"माय, माही नडगी पाह्य. इचीबी अशीच करून ठेवतं का?"

आईनं हात सोडला. ती रडत आमच्या मागून शाळेपुढच्या सुईच्या रांगेत आली.

सगुणाची नडगी सरळ राहिली. माझी वाकडीच आहे. पुढे दर फेरीला मी लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून सुईवाल्यांच्या पुढे चालले. आधी मालगुजाराच्या वाड्यात नडगी दाखवली, मग गावभर. प्रत्येक घरी सगळ्यात आधी ढोलीत डोकावले. कुणी पोरगी लपवली असली, तर ती बाहेर आल्याशिवाय मी दारातून हलले नाही.