नऊ नंबरच्या मशीनवरचा अर्धा तास

मी असलं काही मानणारा माणूस नाही. आम्ही बौद्ध. अंगारे-धुपारे, लिंबू-मिरची आमच्या वडलांनीच घराबाहेर काढली. कुणाला बाहेरची बाधा झाली म्हणून कुणी सांगत आलं, तर मी तोंडावर म्हणायचो, आधी डॉक्टर गाठ. तरी हे लिहितोय. शिक्षण सातवी नापास, तेव्हा चुकलंमाकलं पोटात घाला.

शिरूरच्या एका कॉलेजात मी कॉम्प्युटर लॅबचा शिपाई होतो. साल दोन हजारच्या थोडं पुढचं. पहिल्या मजल्यावर वीस मशीन, चपला दाराबाहेर. दुपारी एक ते दोन जेवणाची सुट्टी. मी मेन स्विच पाडायचो, मशीनवर निळी कव्हरं घालायचो, कुलूप लावून किल्ली आतल्या खिशात. दुसरी किल्ली प्राचार्यांच्या कपाटात, सील केलेल्या पाकिटात.

माझी बायको सुमन त्याच मजल्यावर झाडू-पोछा करायची. सगळे तिला मावशी म्हणायचे. दिवाळीच्या सुट्टीत काविळीनं गेली. डोळे पिवळे दिसत होते, मी म्हणालो उन्हानं असतील. आठ दिवस तसेच घालवले. तो दोष माझा. जलदान विधी झाला आणि दुसऱ्या दिवशी मी कामावर गेलो. घरात बसून भिंतीकडं किती बघणार...

त्याच सुट्टीत विद्यापीठाकडून लॅबमध्ये एक नवीन सॉफ्टवेअर बसवून गेले होते. ते लॅबच्या इन्चार्ज कदम सरांच्या केबिनमधल्या मोठ्या मशीनमध्ये चालायचं, त्याची लाईन लॅबच्या मेनपासून वेगळी. कुठल्या मशीनवर कुठला प्रोग्राम किती वाजता उघडला आणि किती वाजता मिटला, एवढंच ते मोजायचं. जो प्रोग्राम कुणी वापरत नाही तो काढून टाकायचा, असा वरून हुकूम. सर दर सोमवारी त्याचा कागद छापायचे आणि आमच्या हाताच्या रजिस्टरशी जुळवायचे. रजिस्टरमध्ये नाव, मशीन नंबर, आत आल्याची वेळ, बाहेर पडल्याची वेळ, सही.

पहिल्याच सोमवारी जुळलं नाही. मशीन नंबर नऊ, मराठी टायपिंग शिकायचा प्रोग्राम. रोज एक दहा ते एक चाळीस. रजिस्टरला एकही नाव नाही.

सरांनी दार लोटून घेतलं. म्हणाले, "मामा, दुपारी कुणाला बसवता?"

"किल्ली खिशात असती माझ्या. खिसा बघा."

"मी विचारतोय ते बरंय. प्राचार्य विचारतील तेव्हा तुमची फाईल समोर घेऊन विचारतील."

त्यांचं खरं होतं. चौदा वर्षं मी टेम्पररी. पर्मनंट करायची फाईल संस्थेकडं गेली होती, आता सहीवर आलेली. बाहेरच्याला लॅब उघडून देतो असा एक शब्द वर गेला असता, तर या वयात मी सणसवाडीला कंपनीच्या गेटवर वॉचमन.

पुढचा आठवडा मी दारातच स्टूल टाकून बसलो. डबा तिथंच, मांडीवर. कान आत. काही नाही... पंख्याचासुद्धा आवाज नाही, मेन पाडलेला. एक चाळीसला कुलूप काढून आत जायचो आणि नऊ नंबरच्या मॉनिटरच्या पाठीवर हात ठेवायचो. चाललेलं मशीन पाठीला गरम लागतं, हे मला कुणी शिकवायला नको. गार. कव्हर जसंच्या तसं.

सोमवारी कागद आला. नऊ नंबर, रोज, एक दहा ते एक चाळीस.

सर म्हणाले, मशीनमधल्या घड्याळाचा सेल गेला असेल. सेल बदलला. मशीन उघडून पुसलं. फरक नाही. डबा तसाच घरी परत न्यायचो. एक वाजत आला की सारखा खिसा चाचपायचो. पोरं विचारायची, मामा बरं नाही का?

मग एका गुरुवारी कॉलेजला सुट्टी होती. मी दौंडला लेकीकडं गेलो. जावई रेल्वेत, त्यांचं क्वार्टर आहे तिथं. जेवताना लता म्हणाली, "आप्पा, खिसा का चाचपताय सारखा?" किल्ली खिशातच होती. त्या दिवशी लॅबचा मेन बंद, आणि सरांचं मोठं मशीनही बंद.

सोमवारच्या कागदावर गुरुवार होता. एक दहा ते एक चाळीस.

सरांनी कागद दोनदा उलटसुलट करून बघितला. मोजणारं मशीनच बंद होतं, तर मोजलं कुणी?

त्या दिवशी लॅबच्या मॅडम, ज्या पोरांचं प्रॅक्टिकल घ्यायच्या, मला जिन्यात गाठून म्हणाल्या, "मामा, रागावू नका. नऊ नंबरवर मावशी बसायच्या."

सुमन. वर्षभर. मी दुपारी डबा घेऊन खाली शिपायांच्या खोलीत जायचो. तेवढ्यात ती मॅडमना सांगून टायपिंग शिकायची, मी वर यायच्या आत उठायची. तेव्हा दुपारी मेन चालूच असायचा; जेवणाच्या सुट्टीतलं बसणं मॅडमच्या जबाबदारीवर होतं, त्यांच्या हातात किल्ली मीच देऊन जायचो आणि कधी विचारलंही नाही. दुपारी मेन पाडून कुलूप लावणं त्या दिवाळीनंतरचं. रजिस्टर पोरांसाठी, म्हणून तिचं नाव त्यात कधी आलं नाही. मोजायचं सॉफ्टवेअर तर ती गेल्यावर आलं.

"मला का नाही सांगितलं?"

"त्या म्हणाल्या, हसतील."

हसलो असतोच. एकदा तिनं विचारलं होतं, त्या बटनांवरची अक्षरं अशी उलटीपालटी का लावलीत? मी म्हणालो होतो, "तू झाडू धर. त्याला बटनं नसत्यात." चारचौघांत म्हणालो होतो.

पुढं विद्यापीठाची माणसं तपासणीला येणार म्हणून पत्र आलं. सर म्हणाले, "मामा, कागद आणि रजिस्टर जुळलं पाहिजे. नऊ नंबरपुढं कुणाचं तरी नाव टाका. मी बघितलं नाही."

कुठल्या पोराचं नाव टाकू? उद्या त्याच्यावर आळ. मी पेन घेतलं आणि लिहिलं, सुमन. मशीन नऊ. आत, एक दहा. रोजच्या तारखेला तसंच. बाहेरच्या रकान्यात हात चालेना. तो मोकळा सोडला.

तपासणीच्या आदल्या दिवशी सरांनी रजिस्टर उघडलं. नाव वाचून त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग हळूच म्हणाले, "बाहेरची वेळ राहिली मामा. ती नसली तर चालायचं नाही."

मी लिहिली. एक चाळीस, एक चाळीस, एक चाळीस. शेवटच्या ओळीपर्यंत.

तपासणी झाली. फाईलवर सही झाली, मी पर्मनंट झालो. आणि पुढच्या सोमवारच्या कागदावर नऊ नंबर कोरा. त्याच्या पुढच्या सोमवारीही. वापर नाही म्हणून वर्षाअखेर तो टायपिंगचा प्रोग्राम काढून टाकला.

आता मी दौंडला लेकीकडं असतो. जावई म्हणतात, वायरिंगचा घोळ असेल. सर म्हणायचे, सॉफ्टवेअरच कच्चं. असेल. मला त्यातलं कळत नाही, आणि ज्यांना कळतं त्यांनाही तो गुरुवार सांगता आला नाही.

ती तिथं काय लिहीत होती हे त्या कागदावर कधी येत नव्हतं. किती वेळ, एवढंच यायचं. निवृत्त होईपर्यंत मी रोज दुपारी एकला मेन चालू ठेवून, नऊ नंबरचं कव्हर काढून खाली जायचो. रजिस्टरला ओळ लिहून ठेवायचो — सुमन, नऊ, आत एक दहा. पुढचा रकाना मोकळा. कागदावर परत काही आलं नाही.

बाहेर पडायची वेळ मीच लिहून दिली होती.